मदत हवी आहे : गणपतीत उमेदवाराचं भाषण, करमाफी जाईल का?

गौरी_जर्सी :
शनिवारी आमचा गणपती. टाउनशिप कौन्सिलला उभ्या असलेल्या एका बाईंना आरतीनंतर पाच मिनिटं दिलीत. पत्रिका छापून आल्या, अथर्वशीर्षाच्या खालीच त्यांचं नाव. आता खजिनदार म्हणतात मंडळाचं ५०१(सी)(३), म्हणजे अमेरिकेतली करमाफी, जाईल. खरं का? आज रात्री कमिटीची मीटिंग आहे.

नाना_टेक्सास :
जाऊ शकतं. १९५४ची जॉन्सन दुरुस्ती. करमाफ संस्थेने उमेदवाराच्या बाजूने प्रचार करायचा नाही, विरोधातही नाही. गावच्या निवडणुकीलाही लागू. बिंगहॅम्टनच्या एका चर्चने १९९२मध्ये क्लिंटनविरुद्ध पानभर जाहिराती दिल्या, १९९५मध्ये सवलत गेली. २०००मध्ये अपिलातही हरले.

सह्याद्री७ :
नाना, जुनं झालं. जुलै २०२५मध्ये आयआरएसनेच (अमेरिकेच्या कर खात्याने) टेक्सासच्या कोर्टात लिहून दिलं, प्रार्थनास्थळाने उपासनेच्या वेळी आपल्या भाविकांशी उमेदवारांबद्दल बोललं तर तो प्रचार नव्हे. बोलू द्या बाईंना.

नाना_टेक्सास :
लिहून दिलं म्हणून कायदा बदलत नाही. आणि ते पाद्र्याने आपल्या लोकांशी बोलण्याबद्दल आहे, उमेदवाराच्या हाती माइक देण्याबद्दल नाही.

पेठेतला :
८०जीचं (देणगीदारांच्या करसवलतीचं) नूतनीकरण वेळेत करा, आमच्या ट्रस्टचं राहिलं होतं. भारतात तर १९८८पासून देवळाची जागा राजकीय कामाला वापरायला बंदीच आहे.

मेधा_क :
काका, त्या अमेरिकेत आहेत. गौरीताई, मंदिर की मंडळ? इतर उमेदवारांना बोलावलंय?

गौरी_जर्सी :
मंडळ हो! शाळेचा हॉल भाड्याने घेतलाय. इतरांना नाही बोलावलं, सुचलंच नाही. बाई आपल्या म्हणून बोलावलं.

मेधा_क :
मग जुलैचं विसरा, ते प्रार्थनास्थळांपुरतं आहे. एकतर कौन्सिलच्या त्या जागेसाठी उभ्या असलेल्या सगळ्या उमेदवारांना आजच ईमेल करा, तितकीच वेळ द्या आणि मंडळाचा कुणालाही पाठिंबा नाही हे माइकवरून सांगा. नाहीतर बाईंनी नुसतं आरतीला यावं, प्रसाद घ्यावा. पत्रकं, निधी काहीच नको. आयआरएसच्या २००७च्या निवाड्यात अशी २१ उदाहरणं आहेत, खजिनदारांना वाचायला द्या.

सह्याद्री७ :
असं घाबरत राहिलो तर आपली माणसं निवडून कशी यायची?

मेधा_क :
दादा, स्वतःच्या घरी बोलवा, स्वतःच्या खिशातून देणगी द्या, कोण अडवतंय? फक्त मंडळाचं नाव, पैसे, ईमेल यादी वापरू नका.

गौरी_जर्सी :
दोघांना ईमेल केली, एकाचं 'येतो' आलं. पण २०० पत्रिकांवर एकच नाव छापलंय. वर चिकटपट्टी लावून चालेल, की नव्याच छापू?