सौर औष्णिक वीज: वितळलेल्या मिठाच्या टाक्या भारतात बांधाव्यात का?

ऊनसाठे
राजस्थानात नोखचा ५० मेगावॉटचा पन्हळी आरशांचा (आरशांपुढच्या नळीतलं तेल तापवणारा) प्रकल्प २०१३ला सुरू झाला, पण साठवणीविना. ऊन गेलं की वीज गेली. पुढचे प्रकल्प मनोरा (भोवतीचे आरसे त्याच्या टोकावर ऊन एकवटतात) आणि मिठाचेच हवेत: वितळलेलं मीठ तापवून टाकीत साठवायचं, ऊन गेल्यावर त्याच्या उष्णतेने वाफ करून वीज काढायची. ६० टक्के सोडियम नायट्रेट, ४० टक्के सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. २९० वरून ५६५ अंशांवर नेलेलं एक टन मीठ सुमारे ११५ युनिट उष्णता धरतं, त्यातून ४५-४८ युनिट वीज निघते. पन्हळीतलं तेल ४०० अंशांपुढे फुटू लागतं, त्यामुळे मिठाला जेमतेम शंभर अंशांचा फरक मिळतो आणि तेवढ्याच उष्णतेला पावणेतीनपट मीठ लागतं. स्पेनच्या हेमासोलार या मनोरा-मिठाच्या प्रकल्पाने १५ तासांच्या साठ्यावर २०११ मध्येच सलग २४ तास वीज दिली.

वेल्डजोड
असहमत. या हिशेबात टाकीचा तळ कुठे आहे? अमेरिकेत नेवाडातल्या क्रेसेंट ड्यून्स या मनोरा प्रकल्पाची गरम मिठाची टाकी २०१६ मध्ये गळली, ११० मेगावॉटचा प्रकल्प काही महिने बंद. मोरोक्कोच्या नूर ३ची २०२४ मध्ये. स्टेनलेसचा ४० मीटर व्यासाचा तळ गार असताना जेवढा, त्यापेक्षा ५६५ अंशांवर जवळजवळ ३९ सेंमी रुंद होतो. डोक्यावर हजारो टन मीठ, खाली पाया. घर्षणाने तळ सरकला नाही की पत्रा फुगतो आणि वेल्डलगत चीर पडते. गळालेलं मीठ पायाच्या इन्सुलेशनमध्ये मुरतं, वरून काही दिसत नाही. दुरुस्तीला टाकी रिकामी करा, हळूहळू गार करा, परत हळूहळू तापवा. त्यात आठवडे जातात.

ऊनसाठे
@वेल्डजोड, दोष टाकीच्या रचनेचा आहे, मिठाचा नव्हे. ढग सरकताना कमी-जास्त तापलेलं मीठ टाकीत एकाच जागी पडलं की तळ असमान तापतो. म्हणून आत गोल कड्याचा वितरक पाइप हवा. तळाखाली घर्षण कमी करणारा थर, वेल्डनंतर उष्णोपचार, तापवण्याच्या वेगाला मर्यादा, आणि एका अजस्र टाकीऐवजी दोन लहान. एक गळली तरी अर्धा प्रकल्प चालतो.

वेल्डजोड
दोन टाक्या म्हणजे वेल्डही जास्त आणि उष्णता गमावणारा पृष्ठभागही जास्त. शिवाय मीठ २४० अंशांच्या आसपास गोठायला लागतं. एका व्हॉल्व्हचं हीट ट्रेसिंग (तो गरम ठेवणारी विजेची तार) बंद पडलं की ती लाइनच जाम. पाइपांना उतार ठेवून रोज रात्री रिसीव्हर (मनोऱ्यावरचा मीठ तापवणारा भाग) रिकामा करावाच लागतो.

वाफारा
दोघेही विजेतच अडकलात. डेअरीला, कापड रंगवणाऱ्यांना १५०-१८० अंशांची वाफ पुरते; तिथे मीठ कशाला? लातूरच्या डेअरीत १६० चौरस मीटरच्या ‘अरुण’ नावाच्या तबकडीने (ऊन एकवटणाऱ्या ताटलीसारख्या आरशाने) दाबाखालचं पाणी तापवून दूध पाश्चराइज केलं.

वेल्डजोड
@वाफारा, उष्णताच हवी तर सौर पॅनेल आणि हीटर लावा. फिनलंडमध्ये पोर्नाइनेनला २०२५ पासून सोपस्टोन या दगडाच्या चुऱ्यात १०० मेगावॉट-तास उष्णता साठते. चुरा गोठत नाही, गळत नाही, आणि ढगाळ उजेडातही पॅनेल थोडं चालतं. आरशाला थेट ऊनच लागतं.

वाफारा
पावसाळ्याचं मान्य, बॉयलर ठेवावाच लागेल. पण पॅनेल उन्हाचा पाचवा हिस्सा पकडतं, चांगली तबकडी थेट उन्हाचा निम्मा तरी. आवारात जागा नसलेल्या कारखान्यात निर्णय तिथेच होतो.