मदत हवी आहे: गोवर-रुबेला मोहिमेनंतरची इम्युनिटी कशी मोजायची? (अर्जंट)

मलप्रभा_काठ:
मोहीम झाल्यावर लोकांच्यात इम्युनिटी किती आली ते मोजायचंय. सॅम्पल किती आणि टेस्ट कुठली? शुक्रवारी प्रपोजल द्यायचंय, गाइड फोन उचलत नाहीत. लिंका नकोत, सरळ आकडा सांगा.

कुंदा_प्रेमी:
कुठली मोहीम, कुठला तालुका, वय काय? आकडा सांगायला ही काय लॉटरी आहे का ओ?

मलप्रभा_काठ:
शाळेत टोचली तीच की. बेळगावकडचा खानापूर तालुका आणि पलीकडची, महाराष्ट्रातली चंदगडची थोडी गावं.

कुंदा_प्रेमी:
मग एक नव्हे, दोन मोहिमा झाल्या. कर्नाटकात फेब्रुवारी २०१७, महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८. दोन्हीकडं वय ९ महिने ते १५ वर्षं. डिसेंबर २०१७ला जन्मलेलं पोर चंदगडात मोहिमेत सापडलं, खानापुरात मोहीम झाली तेव्हा ते जन्मलंच नव्हतं. दोघांना एका रकान्यात घालू नका.

जुना_आरोग्यसेवक:
कशाला पोरांची रक्तं काढताय? कव्हरेजचे, म्हणजे किती पोरांना टोचलं त्याचे, आकडे आरोग्य केंद्रात पडून आहेत, तेच लावा.

कुंदा_प्रेमी:
काका, एका गावात तुमचं ते कव्हरेज शंभराच्या वर गेलेलं मी बघितलंय, पाहुण्यांची पोरंही मोजली होती. आणि टोचलं म्हणजे लागू पडलं असं नाही. नवव्या महिन्यातला डोस शंभरातल्या ८५ जणांनाच लागू पडतो, आईकडून आलेल्या अँटिबॉडी आड येतात. दोन डोस झाले की ९७च्या आसपास. गोवर थोपवायला ९५ टक्के लोक सुरक्षित लागतात, म्हणजे फरक केवढा पडतो बघा.

निंबाचा_पाला:
गोवर निघाला की अंथरुणावर कडुनिंबाचा पाला घालायचा, घरात फोडणी द्यायची नाही. आमच्या आज्जीनं सात पोरं अशीच वाढवली.

कुंदा_प्रेमी:
हे कुणी विचारलंय? पाला घाला हवा तर, पण पोराला दवाखान्यात नेऊन व्हिटॅमिन एचे दोन डोसही घ्या.

जुना_आरोग्यसेवक:
बरं, आकड्यांचं राहू दे. लसीची पावडर पातळ केली की कुपीवर वेळ लिहायची, चार तासांनी उरलं ते टाकून द्यायचं. ऊसतोड टोळीच्या खोपीवर तीनच पोरं असली की दहा डोसची कुपी फोडायला जीव धजायचा नाही, "उद्या येतो" म्हणायचं. उद्या टोळी दुसऱ्या फडावर. फेब्रुवारीत गाळप ऐन भरात असतंय. मतदार यादीवरून घरं काढलात तर ही पोरं तुमच्या सर्व्हेत येणारच नाहीत.

कट्टर_सीमावासी:
संमतीपत्र मराठीत आहे का? नसेल तर एकानं पण सही करू नये! सीमावादाच्या महाजन अहवालापासून आपल्याला...

जुना_आरोग्यसेवक:
तो वाद दुसऱ्या धाग्यावर. पण संमतीपत्र दोन्ही भाषांत ठेवा. सात ते बारा वयाच्या पोराची तोंडी संमती लागते, त्यापुढं लेखी. आईबापाची सही वेगळीच.

कुंदा_प्रेमी:
मोहिमेआधीचे रक्ताचे नमुने आहेत का?

मलप्रभा_काठ:
कुठून असणार? तेव्हा मी बारावीत होतो.

कुंदा_प्रेमी:
मग "मोहिमेमुळं इम्युनिटी किती वाढली" हे वाक्य प्रपोजलमधून काढा. आयजीजी एलायझा ही रक्ताची टेस्ट अँटिबॉडी आहे की नाही एवढंच सांगते. ती मोहिमेतल्या लसीची, नेहमीच्या डोसची की खऱ्या गोवराची, ते त्यातून कळत नाही. प्रश्न असा मांडा: आज कुठल्या वयोगटात किती पोरं इम्युनिटीविना उघडी आहेत? मोहिमेत सापडलेली आणि नंतर जन्मलेली वेगळी धरा.
आता आकडा. ९० टक्के पोरांत अँटिबॉडी अपेक्षित, अंदाज पाच टक्के इकडंतिकडं चालेल, तर १३८.३. सुटी पोरं नव्हे, गावंच्या गावं क्लस्टर (गट) म्हणून निवडणार, म्हणून दुप्पट, २७७.

मलप्रभा_काठ:
म्हणजे २७७ लिहू?

कुंदा_प्रेमी:
दर वयोगटाला २७७! दोन तालुके वेगळे दाखवायचे तर परत दुप्पट. किटचे पैसे कोण देणार ते गाइडना आधी विचारा.

मलप्रभा_काठ:
बोटातलं रक्त कागदावर वाळवून चालेल? शिरेतून म्हटलं की आया पोरं घेऊन पळतात.

कुंदा_प्रेमी:
चालतं, पण लॅबनं त्या पद्धतीची आधी खातरजमा केलेली हवी. लॅबला विचारल्याशिवाय लिहू नका. आणि बॉर्डरलाइन निकाल येणारच, ते कुठल्या बाजूला धरणार ते आत्ताच ठरवा. निकाल बघून ठरवलंत तर तोंडी परीक्षेत सोलतील.

जुना_आरोग्यसेवक:
टोळ्या दिवाळीनंतर येतात. त्याआधी गेलात तर फडावर कोणी नसणार.

निपाणीची_सून:
माझ्या मुलीचं तायी कार्ड (आई-बाळाच्या नोंदींचं कार्ड) हरवलंय, शाळेत लसीचा दाखला मागतायत. कुठं मिळेल? कृपया लवकर सांगा.