मधुमेहात तळपायाची जखम : इन्सुलिनसोबत आयुर्वेदिक औषध चालेल का?

नमस्कार मंडळी, थोडी घाईची मदत हवी आहे.

वडील (आम्ही अण्णा म्हणतो) केज तालुक्यात शेती करतात. वय साठीच्या पुढे, शुगर बरीच जुनी, गोळ्या आणि इन्सुलिन दोन्ही चालू. आधी तळपायांची इतकी आग व्हायची की रात्री ओलं फडकं गुंडाळून झोपायचे. आता आग थांबली म्हणून ते खूश आहेत, पण मला त्याचीच धास्ती वाटते. परवा सोयाबीन काढलेल्या रानात धसकट चपलेतून आरपार घुसलं आणि त्यांना पत्ताच नाही! आईला चपलेत रक्त दिसलं तेव्हा कळलं. अंगठ्याखाली जखम आहे, ड्रेसिंग चालू आहे, पण कडा काळपट पडायला लागल्यात. सर्जनला उद्याच दाखवतोय.

ओळखीच्या वैद्यांशीही बोललो. प्रमेहाचे (लघवीच्या विकारांचे) वीस प्रकार, त्यातले वाताचे चार सर्वांत अवघड आणि मधुमेह त्यातलाच, असं त्यांनी समजावलं. हातापायांची आग आणि बधिरपणा ग्रंथांत आहेच. पुढचे उपद्रव म्हणजे पिडका (फोड), विद्रधी (खोल गळू), पूतिमांस (मांस सडणं). चरकाने पिडका सात सांगितल्यात, सुश्रुताने दहा, आणि मधुमेह्याला त्या शरीराच्या खालच्या भागात होतात हेही सुश्रुतानेच लिहून ठेवलंय. हे ऐकून अंगावर काटा आला, कारण अण्णांचं अगदी तसंच चाललंय.

वैद्यांनी हळद-आवळ्याचं चूर्ण आणि जेवणात जवाची भाकरी सुचवलीय. इन्सुलिन बंद करा असं ते अजिबात म्हणाले नाहीत. ते म्हणणारे आमचे पाहुणे, आणि अण्णांना तेच पटतंय. मी इन्सुलिन बंद होऊ देणार नाही. पण दोन्ही सोबत घेतल्यावर शुगर एकदम खाली गेल्याचा अनुभव कुणाला आहे का? शुगर किती वेळा तपासायची, डोस कमी करायचा तर कोण ठरवतं?

नांदेड किंवा धाराशिवच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात अशा जखमा कुणी दाखवल्यात का? तिथले वैद्य सर्जनच्या उपचारांशी जुळवून घेतात का?

आणखी एक. कोजागरीला तुळजापूरला अनवाणी चालत जायचा अण्णांचा नेम आहे. डॉक्टरांचं ऐकत नाहीत, माझं तर नाहीच. तुमच्या घरातल्या कुणी असा नेम मोडला किंवा बदलला असेल, तर त्यांना कसं समजावलं ते कृपया सविस्तर लिहा. अण्णांना वाचून दाखवीन.