मोकळ्या टाचेच्या स्कीला सुटणारे बाइंडिंग हवे की नको?

हिमवाट :
ओस्लोजवळच्या उतारांवर मी गेली नऊ वर्षे टेलिमार्क पद्धतीने स्की करतो. या पद्धतीत बूट बाइंडिंग नावाच्या पकडीने फक्त चवड्याशी स्कीला जोडलेला असतो, टाच मोकळी राहते आणि वळताना मागचा पाय दुमडून जवळजवळ गुडघ्यावर बसल्यासारखे खाली जावे लागते. टाच घट्ट बांधणाऱ्या आल्पाइन पद्धतीत, ठरावीक बळ ओलांडले की बूट सोडून देणारे बाइंडिंग आज सगळे गृहीतच धरतात. नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत ओरेगनला स्थायिक झालेल्या ह्यालमार ह्वाम यांनी स्वतःचा पाय मोडल्यानंतर १९३७ साली तसे बाइंडिंग घडवले, म्हणजे या कल्पनेला आता ऐंशीहून अधिक वर्षे झाली. आपण टेलिमार्कवाले मात्र अजून ‘टाच मोकळी आहे, तेवढी सुटका पुरे’ असेच म्हणतो. डोंगरात जाणाऱ्याने न सुटणारे बाइंडिंग वापरू नये, असे माझे ठाम मत आहे.

मोकळी टाच पुढे पडताना वाचवते, हे मला मान्य आहे. पण स्कीचे टोक बर्फात रुतून पाय बाजूला पिळला जातो, तेव्हा तो पीळ चवड्यातून थेट नडगीत आणि गुडघ्यात शिरतो आणि तिथे टाच मोकळी असून काही उपयोग होत नाही. माझा डावा गुडघा असाच गेला. वेग फार नव्हता, बर्फ ओला आणि जड होता. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. हिमस्खलनात सापडलेल्या माणसाच्या पायाला स्की अडकून राहिल्या, तर त्या नांगराप्रमाणे त्याला खाली ओढतात. पुरलेल्या माणसाच्या जगण्याची शक्यता पहिल्या पंधरा मिनिटांच्या आसपासच झपाट्याने घसरते, त्यामुळे तो किती खोल गेला यावर सगळे अवलंबून असते.

तीन खिळे :
आपल्या दुखापतीबद्दल वाईट वाटले, पण निष्कर्ष पटला नाही. मी अजूनही ७५ मिलिमीटरचे जुने, बुटाच्या चपट्या चोचीत तीन खिळे बसणारे बाइंडिंग टाचेमागून जाणाऱ्या केबलसह वापरतो, आणि ते काही परंपरेच्या प्रेमापोटी नव्हे. चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या कडक उतारावर, खाली खडक असताना, नको त्या क्षणी स्की पायातून निघून जाणे हाच सर्वांत मोठा धोका असतो. आल्पाइन पद्धतीने डोंगर चढणारेसुद्धा अरुंद घळीत त्यांच्या वेगळ्या, बुटाचे टोक दोन्ही बाजूंनी खिळ्यांत धरणाऱ्या बाइंडिंगची पुढची कळ ओढून ते कुलूपबंद करतात, म्हणजे जाणूनबुजून सुटका बंद करतात. त्यांना धोका कळत नाही, असे आपण म्हणणार का? शिवाय टेलिमार्कमध्ये मागच्या स्कीवर वजन टाकताना चवड्यावर सतत कमी-जास्त ताण येतो. त्या ताणाला पडणे समजून बाइंडिंग सुटले, तर ते वळणच अपघात ठरते.

स्प्रिंगचा हिशेब :
मी यंत्ररचनेचे काम करतो, म्हणून या वादातला कळीचा प्रश्न मला वेगळा दिसतो. सुटावे की सुटू नये याआधी, केव्हा सुटेल हे सांगता येते का, हे पाहायला हवे. आल्पाइन बुटाचा तळ ताठ असतो, त्याचा आकार आयएसओ ५३५५ या मानकाने बांधलेला आहे, बाइंडिंगसाठी ९४६२ आहे आणि जोडणीसाठी ११०८८. वजन, उंची, वय, तळाची लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांवरून बाइंडिंग किती बळाला सुटावे याचा आकडा काढतात. पन्नाशी गाठली की तो एक पायरी खाली येतो. हे सगळे जमते, कारण टाचेपासून चवड्यापर्यंतची तरफ बदलत नाही.

टेलिमार्कचा बूट चवड्यावरच्या घड्यांमध्ये वाकतो. टाच उचलली की केबल किंवा स्प्रिंग ताणली जाते, पकड वाढते आणि त्याच वेळी तरफही बदलते. म्हणजे सपाट पावलाला जे बाइंडिंग एका पिळाला सुटेल, तेच खोल वळणात वेगळ्या पिळाला सुटेल. वळणाला जोर देणारी स्प्रिंग आणि बूट धरून ठेवणारी स्प्रिंग एकच असेल, तर कडक स्प्रिंग हवी असणाऱ्याला कडक पकडही नकळत पत्करावी लागते. रोटेफेला या नॉर्वेतल्या बाइंडिंग कंपनीने २००७ साली आणलेल्या नव्या टेलिमार्क मानकात चोच गेली आणि बूट पावलाच्या मध्याखाली पकडला जाऊ लागला. त्यातून तो बाजूला निघू शकतो, परंतु आल्पाइनच्या अर्थाने ती प्रमाणित सुटका नव्हे. अशा बाइंडिंगवर आकडा कोरलेला दिसला, तरी तो आल्पाइनचा आकडा समजू नये, ही विनंती मी हात जोडून करतो.

मला सर्वांत प्रामाणिक वाटलेली रचना अमेरिकेतल्या वोइले या कंपनीची जुनी सुटणारी प्लेट आहे. तिच्यात संपूर्ण बाइंडिंग एका प्लेटवर बसते आणि पीळ वाढला की प्लेटच स्कीवरून निघते, त्यामुळे सुटण्याचे काम वाकणाऱ्या बुटापासून बरेचसे वेगळे राहते. तिने उंची आणि वजन वाढते, हे खरे आहे.

हिमवाट :
हा खुलासा फार मोलाचा आहे आणि माझ्या मूळ मांडणीत तो राहून गेला होता. तरीही अचूक सांगता येत नाही म्हणून सुटकाच नको, हे मला मान्य होत नाही. थोड्या चुकीच्या पिळाला सुटणारे बाइंडिंग कधीच न सुटणाऱ्यापेक्षा नडगीवर दया करते. ‘तीन खिळे’ यांनी कुलपाचा दाखला दिला. पण कुलूप लावणारा माणूस घळ संपल्यावर ते काढू शकतो. आपल्या केबलला तो पर्यायच नाही. स्खलन सुरू झाल्यावर वाकून केबल काढायला कोणालाही वेळ मिळत नाही.

तीन खिळे :
या शेवटच्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही. भर हिवाळ्यात ताज्या बर्फाच्या उतारांवर जाताना प्लेट बसवलेली दुसरी जोडी न्यावी, इथपर्यंत मी येतो. मात्र एप्रिलमध्ये, रात्री गोठलेला बर्फ पहाटे काचेसारखा कडक असतो आणि स्खलनाची भीती कमी असते, तेव्हा मी केबलच वापरणार, कारण तिथे घसरलेला माणूस स्कीच्या कडेवरच थांबतो.

हिमवाट :
कडक बर्फावर घसरताना थांबण्यापूर्वी पाय किती वेळा पिळला जातो, तेही मोजावे लागेल. एप्रिलच्या बाबतीत आपले मत जुळत नाही.