'शोधाची खोली' बरोबर आहे का?

झेडपीमास्तर: शाळेतल्या पोरांसाठी बुद्धिबळाचं टिपण मराठीत लिहितोय. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये महिला वर्ल्डकप जिंकला तेव्हापासून पोरं पट सोडत नाहीत. 'सर्च डेप्थ', म्हणजे कॉम्प्युटर किती चाली पुढचं पाहतो, त्याचं मी 'शोधाची खोली' केलं तर सातवीतली पोरगी म्हणते, सर, ती खोली कुठं असते? आणि 'पोझिशनल अंडरस्टँडिंग'ला, म्हणजे चाली न मोजता पटावरची स्थिती ओळखण्याला, 'समज' लिहिलं तर हेडसर म्हणाले, समज तर गुन्हेगाराला देतात. काय लिहू?

कोरडवाहू: परस लिवा ना सर. विहीर सात परस, तसं कॉम्प्युटर वीस परस.

पटावरचा: भाऊ, परस म्हणजे पुऱ्या माणसाएवढी उंची, अन् मशीन अर्धी चाल मोजते, पांढऱ्याची एक, काळ्याची एक. आणि नुसत्या खोलीनं भागत नाही. डीप ब्ल्यू या कॉम्प्युटरनं १९९७ ला जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं तेव्हा ते सेकंदाला २० कोटी स्थिती पाहायचं. पण २०१७ ला अल्फाझीरो हे प्रोग्राम सेकंदाला ८० हजारच पाहत होतं, समोरचं स्टॉकफिश प्रोग्राम ७ कोटी, तरी १०० डावांत अल्फाझीरोनं २८ जिंकले, ७२ बरोबरीत, हारलं एकही नाही. याला समज नाही तर काय म्हणता?

पोळा_पाडवा: नजर म्हणा. आमचे आबा बैल घ्याले जात तवा बाकीचे जबडा उघडून दात मोजत, आबा बैल चार पावलं चालवून खूर कसा टेकते तेवढंच पायत. दात मोजणं झाली खोली, आबाची ती नजर.

शुद्धलेखन: नजर अरबी आहे. 'आकलन' असताना काहून?

पोळा_पाडवा: मंग वजीर, शह, मात बी काढा पटावरून.

वाचनवेडी: दादा, समज आलं 'संबुध्' पासून, म्हणजे बुद्धिबळातल्या बुद्धीचंच भावंडं. हेडसरांना सांगा. आणि अजून एक शब्द घ्या. मशीन ठरावीक चालींपुढं पाहत नाही, मग मरणारा घोडा वाचवायला फुकट प्यादी देत बसते, नुकसान नजरेआड गेलं की टळलं असं धरते. कॉम्प्युटर-बुद्धिबळाचा अभ्यासक हान्स बर्लिनर यानं त्याला क्षितिजावरून 'होरायझन इफेक्ट' नाव दिलं. मला तर मार्चातलं पीककर्जाचं नवं-जुनं आठवते, जुनं फेडायला नवं घ्यायचं, कर्ज तिथंच, वर व्याज.

झेडपीमास्तर: ताई, नवं-जुनं घेतो! पोरांच्या घरी रोजचा शब्द आहे. पण खोलीचं?

कोरडवाहू: परसच. अन् परस हात वर करून मोजतात, पुरा माणूस नाही नुसता.

पोळा_पाडवा: आमच्याकडं हात खालीच असतात भाऊ. विहीर खोदणाऱ्याले मजुरी त्यावरच भेटे.

कोरडवाहू: मंग तुमच्याकडच्या खोदणाऱ्याले जास्त परसाचे पैसे भेटले ना बावा, आमच्या बाबानं हात वर करूनच मोजून दिली होती.