तलावाजवळच्या प्लॉटवर पायाचं खोदकाम, कोटेशन कसं बघायचं? (घोडबंदर रोड, ठाणे)

रश्मी_कावेसर

नमस्कार मंडळी. कावेसरला आमचं गावठाणातलं जुनं कौलारू घर आहे, ते पाडून तळमजला अधिक दोन बांधायचंय. परवानगीचं आर्किटेक्ट बघताहेत, ते मार्गी लागलंय, माझा प्रश्न फक्त खोदकामाचा आहे. तलाव मागच्या बाजूला दीडशेक फुटांवर, आणि अंगणातल्या विहिरीचं पाणी श्रावणात इतकं वर येतं की वाकून कळशी भरता येते. आरसीसीवाल्यांनी (स्ट्रक्चरल इंजिनिअर) राफ्ट, म्हणजे घराखाली सलग एकच स्लॅब असलेला पाया दिलाय, म्हणजे साधारण हजार चौरस फूट जागा पूर्ण सहा फूट खाली उतरवायची, शिवाय कोपऱ्यात पाण्याची अंडरग्राउंड टाकी. गल्ली दहा फुटांची, आणि शेजारच्या काकांचं जुनं विटांचं घर आमच्या हद्दीला जवळजवळ चिकटून.

तीन कोटेशन आलीत आणि तिन्ही तीन तऱ्हेची. एक तासावर, जेसीबी 1400 रुपये तास डिझेल-ऑपरेटरसकट, माती उचलायचे वेगळे. दुसरा ब्रासवर, म्हणजे मातीच्या मापावर. तिसरा म्हणतो ताई तुम्ही टेन्शन घेऊ नका, एक लाख नव्वद हजारात खड्डा करून, माती उचलून, साफ करून देतो. सासऱ्यांना तिसरा आवडलाय कारण गावातला आहे, आणि इथे तसाही बाहेरच्याचा जेसीबी आणायचा म्हणजे आधी चार जणांना चहा पाजावा लागतो. जानेवारी संपत आलाय, पावसाच्या आधी प्लिंथ (जोतं) वर यायला पाहिजे. काय करू?

साइटवाला_सुनील

ताई रेट नंतर बघा, आधी माल किती निघणार ते बघा. हजार चौरस फूट गुणिले सहा म्हणजे 6000 घनफूट, ब्रास म्हणजे 100 घनफूट, म्हणजे 60 ब्रास झाले. पण हे खड्ड्याचं माप. माती सुटली की फुगते, साधी माती-मुरूम असेल तर पाव पट तरी धरा, म्हणजे गाडीत भरताना तेच 75 ब्रास होतात. ब्रासवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा, दादा तुझा ब्रास खड्ड्यातला की गाडीतला? इथेच अर्धी भांडणं होतात. तीन ब्रासची गाडी धरली तर 25 फेऱ्या, तुमच्या दहा फुटी गल्लीत ती गाडी वळणार कुठे ते आधी त्याला उभं करून दाखवा, नाहीतर छोट्या गाड्या लागतील आणि फेऱ्या दुप्पट.

तासावर द्यायचं असेल तर घरातलं कोणीतरी वही घेऊन दिवसभर उभं पाहिजे. मशीन चालू झाल्याची वेळ, बंद झाल्याची वेळ, गाडी येईपर्यंत मशीन नुसतंच उभं राहिलं तर ते तास कोणाचे? हे आधी ठरलेलं बरं. आणि खाली काळा पत्थर लागला तर तो फोडायच्या ब्रेकरचा रेट वेगळा असतो, तो आजच लिहून घ्या, पत्थर लागल्यावर विचारलात तर तो सांगेल तो रेट.

गावातला आहे म्हणून नको असं मी म्हणणार नाही. उलट पावसात खड्डा ढासळला तर रात्री अकरा वाजता येणारा तोच असतो.

माती_मुरूम_पाणी

सुनीलभाऊंचा हिशोब बरोबर आहे पण या जागेत माती स्वस्त पडेल, पाणी महाग पडेल. तिन्ही कोटेशनमध्ये पाण्याचा एक शब्द नाही हे बघितलंत का? मी सॉइल टेस्टिंगमध्ये काम करतो म्हणून जरा लांबलचक लिहितो.

आपल्या ठाण्याखाली बेसाल्ट आहे, वर मुरूम, तलावाच्या कडेला बहुतेक वेळा गाळाचा थर. पाणी मातीतून हळूहळू झिरपतं पण खडकाच्या भेगांतून जोरात येतं, त्यामुळे चार फुटांपर्यंत कोरडं ठाक आणि पाचव्या फुटाला झरा असं होऊ शकतं. सॉइल टेस्टचा रिपोर्ट असेल तर त्यात पाण्याची पातळी कुठल्या महिन्यात मोजलीय ते बघा, मे महिन्यातला आकडा ऑगस्टमध्ये कामाचा नाही. रिपोर्ट नसेल तर मशीन येईल त्या दिवशी आधी कोपऱ्यात एक खड्डा सात-आठ फूट घ्या, रात्रभर ठेवा, सकाळी पाणी किती चढलं ते बघा, मग रेट फायनल करा. आणि तुमची विहीर तर फुकटचं मीटरच आहे, आजपासून दर आठवड्याला टेप सोडून पाणी किती खाली आहे ते लिहून ठेवा. काम चालू असताना पंपाने शेजारपाजारचं पाणी किती उतरतंय तेही तिथेच कळेल. विहीर बुजवू नका एवढ्यात.

पंपाबद्दल. खड्ड्याच्या एका कोपऱ्यात तळापेक्षा दीड-दोन फूट खोल सम्प (पाणी गोळा व्हायचा खड्डा) करायचा, त्यात भोकं पाडलेला ड्रम उभा करून भोवती खडी टाकायची आणि पंप ड्रममध्ये. नुसता पंप चिखलात सोडला तर पाण्याबरोबर बारीक मातीही ओढली जाते, आणि ती माती शेजारच्या काकांच्या पायाखालची असू शकते. बाहेर पडणारं पाणी गढूळ येत राहिलं तर काम थांबवून बघायचं. हे पाणी सरळ गटारात सोडू नका, तिथलं पावसाळी गटार बहुधा तलावातच जात असेल. आधी एका टाकीत किंवा चरात गाळ बसू द्या, मग सोडा.

आता टाकी. हे कोणी सांगत नाही. समजा टाकी बाहेरून 9 बाय 7 बाय 7 फूट, सहा इंची भिंती. बाहेरचं माप 441 घनफूट, म्हणजे भोवती जमिनीपर्यंत पाणी भरलं तर साडेबारा टनांची ताकद तिला वर उचलणार. टाकीचं स्वतःचं काँक्रीट अकरा टनांच्या आत भरतं. म्हणजे रिकामी टाकी जुलैत चक्क होडीसारखी वर येते. आरसीसीवाल्यांना विचारा की तळाचा स्लॅब भिंतीच्या बाहेर काढून त्यावर भराव घेतलाय का, आणि बांधून झाली की पहिल्या पावसात रिकामी ठेवू नका. सेप्टिक टँक करणार असाल तर तिलाही हेच लागू.

जुना_ठाणेकर

वरचे दोघे मशीन आणि पाण्यात आहेत, मी कागदावर येतो. माती उचलून बाहेर न्यायची तर ती गौण खनिज धरली जाते, रॉयल्टी (सरकारी शुल्क) ब्रासवर भरावी लागते आणि गाडीला महाखनिज या सरकारी ऑनलाइन प्रणालीचा ई-पास लागतो. पास नसताना गाडी पकडली तर दंड बाजारभावाच्या पाच पटीपर्यंत जातो आणि नोटीस जमीनमालकाच्या दारात येते, गाडीवाला तोवर पसार. पायासाठी काढलेली माती त्याच प्लॉटमध्ये भरावाला वापरली तर गोष्ट वेगळी, त्यावर पुण्याच्या बिल्डर असोसिएशनच्या केसमध्ये 2014 साली सुप्रीम कोर्टाने निकाल दिलाय. म्हणून किती माती परत भरणार आणि किती बाहेर जाणार ते आर्किटेक्टकडून लिहून घ्या आणि तहसीलदार ऑफिसात आधीच विचारा. एक नव्वदच्या लमसमवाल्याला (एकरकमी काम घेणारा) एकच प्रश्न, रॉयल्टी तुझ्यात की माझ्यात? आणि माती टाकणार कुठे? खाडीकडेला किंवा तलावाच्या काठावर गुपचूप ओतणारे लोक आहेत, नंतर बोंब तुमच्या नावाने.

अजून एक. ठाण्यात पूर्वी साठाच्या वर तलाव होते म्हणतात, आता निम्म्याच्या आसपास उरलेत. उथळसरचा जोगिला तलाव तर बुजून वस्ती झाली होती, महापालिकेला तो परत खोदावा लागला. तुमच्या मागचा तलाव आधी केवढा होता हे जुन्या गावनकाशात बघाच. प्लॉटचा मागचा भाग भरावाचा निघाला तर राफ्टचं डिझाइन परत बघावं लागेल.

रश्मी_कावेसर

बापरे, एवढं सगळं! टाकीचं ऐकून सासरे पण गप्प झाले. दोन शंका. शेजारच्या काकांच्या घराला काही झालं तर? आणि गल्लीत मोठा जेसीबी येतच नसेल तर लेबर लावून हाताने खोदायचं का?

साइटवाला_सुनील

हाताने सगळं नको, मिनी एक्सकॅव्हेटर मिळतो, तीन टनी वगैरे. जेसीबीपेक्षा हळू पण कडेला नाजूक काम करतो. फक्त काकांच्या भिंतीलगतचा दोनेक फुटांचा पट्टा लेबरकडून, आणि तोही सलग नाही. चार-पाच फुटांचा तुकडा खोदायचा, तिथलं पीसीसी (तळाचा साध्या काँक्रीटचा थर) आणि काँक्रीट करून घ्यायचं, मग एक तुकडा सोडून पुढचा. किती रुंदीचे तुकडे ते आरसीसीवाला ठरवेल, मशीनवाला नाही.

सुरू करायच्या आधी काकांना घेऊन त्यांच्या घरातल्या सगळ्या भेगांचे तारखेसकट फोटो काढा, दोघांच्या फोनमध्ये ठेवा. नंतर जुनी भेग पण नवीन दिसायला लागते, शेजारधर्म राहतो बाजूला. आणि दीड मीटरच्या वर खोल खड्ड्याच्या बाजूंना आधार (शोअरिंग) द्यायचा हे खोदकामाच्या सेफ्टीच्या आयएस 3764 मध्ये आहे, तुमचे सहा फूट म्हणजे त्याच्या वर. काढलेली माती पण खड्ड्याच्या काठावर रचू देऊ नका, लेबर आत असताना तीच अंगावर येते. शोअरिंगला तो नको म्हणाला तर त्याला काम नको म्हणा.

घरपोच_पाइपलाइन

गावठाणात महानगर गॅसची लाइन आली असेल तर त्यांना आधी कळवा, महावितरणची केबल कुठून जाते तेही. जुन्या वस्तीत केबल नकाशात एकीकडे आणि जमिनीत दुसरीकडे असते. आमच्याकडे जेसीबीच्या दातात पाण्याची लाइन आली, आख्खी आळी दोन दिवस टँकरवर, आणि लोक शिव्या घालायला कॉन्ट्रॅक्टरकडे जात नाहीत, आपल्याकडेच येतात.

रश्मी_कावेसर

अपडेट. तिन्ही जणांना एकच कागद पाठवला: ब्रास खड्ड्यातला की गाडीतला, पंप आणि त्याची वीज कोणाची, पत्थराचा रेट, रॉयल्टी, शोअरिंग, माती कुठे टाकणार. तासवाल्याने अजून उत्तरच दिलं नाही. ब्रासवाला साइटवर आला, विहिरीत डोकावला, कोपऱ्यात आधी खड्डा घेऊ म्हणाला. एक नव्वदवाल्याने फोन केला की ताई पंप तुमचा, रॉयल्टी तुमची, पत्थर लागला तर बघू.

जुना_ठाणेकर

मग त्याच्या एक नव्वदमध्ये नक्की काय आहे, फोटो काढणं? ब्रासवाल्याचा खड्डा घ्या, त्या दिवशी आरसीसीवाल्याला पण बोलवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किती पाणी चढलं ते इथे टाका.