आरएसए सिम्युलेशन: एक कोटी प्रयत्नांनंतरही आच्छादन ०.५४७ ला का पोचत नाही?

ताळगाव_पठार

नमस्कार मंडळी. अमिनो-सिलेन लावलेल्या काचेवर १०० नॅनोमीटर व्यासाचे पॉलिस्टायरीनचे गोळे बसतात, त्याचं मॉडेल म्हणून यादृच्छिक क्रमिक अधिशोषण, म्हणजे आरएसए, पायथनमध्ये लिहिलं आहे. चकतीचा व्यास १, पेटी १०० × १००, आवर्ती सीमा (एका कडेबाहेर गेलं की समोरच्या कडेतून आत). केंद्र यादृच्छिक निवडायचं. बसलेल्या कुठल्याही चकतीचं केंद्र १ पेक्षा जवळ असेल तर नाकारायचं, नाहीतर चकती कायमची बसवायची.

वेगासाठी १४२ × १४२ खाने केले आहेत. एका खान्यात एकच चकती मावते, म्हणून भोवतालचे ५ × ५ खाने तपासतो, त्यातले चार कोपरे सोडून.

२५ लाख प्रयत्नांनंतर आच्छादन, म्हणजे चकत्यांनी व्यापलेला पेटीचा हिस्सा, ०.५३०, एक कोटीनंतर ०.५३८५. आणखी एकही चकती मावत नाही तेव्हाचा, म्हणजे संपृक्ततेचा, छापील आकडा ०.५४७ आहे. शेपटीला लँगम्युअरच्या अधिशोषण-मॉडेलसारखा घातांकी वक्र बसवला तर मर्यादा ०.५४ च्या खालीच राहते. कोड चुकतोय, की अजून चालवायला हवा?

डिचोलीचा_गणिती

कोड जवळपास बरोबर आहे, चुकतोय तो घातांकी वक्र. लँगम्युअरमध्ये प्रत्येक जागा स्वतंत्र असते, त्यामुळे बसण्याचा वेग (१ − आच्छादन) या प्रमाणात घटतो. इथे एक चकती पुढच्या चकतीच्या केंद्रासाठी स्वतःच्या क्षेत्रफळाच्या चौपट जागा अडवते, म्हणून सुरुवातीलाच वेग (१ − ४ × आच्छादन) असा पडायला लागतो.

शेवटी उरतात एकमेकांपासून सुटी, इवलीशी भोकं. भोकाची लांबी 'ल' असेल तर ते भरण्याचा वेग ल² च्या प्रमाणात असतो, कारण तेवढ्याच क्षेत्रफळात नेम लागावा लागतो. म्हणजे 'काल' इतका वेळ गेल्यावर साधारण १/√काल पेक्षा लहान भोकंच शिल्लक राहतात आणि आच्छादनातली तूट १/√काल या प्रमाणात घटते. हा फेडरचा नियम. पोमो आणि स्वेंडसन यांनी त्यामागचं कारण दाखवलं. समांतर बसवलेल्या चौकोनांना तो लागू नाही, तिथे तूट लॉग(काल)/काल अशी जाते.

आता तुमचेच दोन आकडे घ्या. प्रयत्न चौपट झाले, म्हणजे तूट निम्मी झाली असणार. मग मर्यादा = २ × ०.५३८५ − ०.५३० = ०.५४७. तुमचं उत्तर तुमच्या फाइलमध्येच होतं! फक्त दोन बिंदूंवर थांबू नका. आच्छादन विरुद्ध १/√काल असा आलेख काढा, शेवटचा सरळ भाग घ्या आणि अक्षाला कुठे छेदतो ते वाचा. नुसतं चालवत राहून तूट ०.००८५ वरून ०.००१ वर आणायची तर ७२ पट, म्हणजे सुमारे ७२ कोटी प्रयत्न लागतील.

काल मोजताना प्रत्येक प्रयत्नाला (चकतीचं क्षेत्रफळ ÷ पेटीचं क्षेत्रफळ) एवढी भर घाला, नाकारलेल्या प्रयत्नालासुद्धा. फक्त यशस्वी प्रयत्न मोजले की हा नियम दिसतच नाही.

एक खरी चूक मात्र आहे. खान्याची बाजू १००/१४२ = ०.७०४२, कर्ण ०.९९५९. कोपऱ्यातला खाना तुमच्या खान्यापासून कमीत कमी एका कर्णाइतका लांब असतो आणि तो कर्ण १ पेक्षा कमी आहे. म्हणजे ०.९९५९ ते १ या अंतरातल्या, एकमेकींवर चढणाऱ्या चकत्या तुम्ही पकडतच नाही. तिसऱ्या दशांशात फरक पडणार नाही, पण दोन चकत्या एकमेकींवर चढलेल्या असणं हे सिम्युलेशनमध्ये खपवून घेऊ नये. २५ खाने तपासा. १४१ खाने करून सुटू नका; तिथे कर्ण १.००३ होतो, एका खान्यात दोन केंद्रं येऊ शकतात आणि दुसरं पहिल्यावर लिहिलं जातं.

आरएसएला 'पार्किंगचा प्रश्न' असंही म्हणतात; ते नाव ऐकून लोक फसतात. रायबंदर–चोडण फेरीबोटीवर माणूस इशारे करत हँडलला हँडल भिडवून स्कूटरी लावून घेतो. आरएसएमध्ये असं सरकवून घेणारं कोणी नसतं. म्हणूनच षटकोनी मांडणीत ०.९०६९ मावतं आणि इथे ०.५४७ वर गाडी अडते. कोडची पहिली परीक्षा एका मितीत घ्या: रेषेवर समान लांबीच्या काड्या टाकून ०.७४७६ (रेनी, १९५८) आलंच पाहिजे.

फोंडा_संगणक

वरच्यात भर. तूट शून्यापर्यंत न्यायची असेल तर अंदाधुंद टाकणं काल १०० च्या आसपास थांबवा आणि पेटीचे चौरस तुकडे पाडून मोकळ्या तुकड्यांची यादी करा. चौरस तुकड्याचे चारही कोपरे एकाच चकतीच्या केंद्रापासून १ च्या आत असतील तर तो तुकडा मेला, काढून टाका. वर्तुळ बहिर्वक्र असल्यामुळे ही कसोटी पक्की आहे. दोन चकत्यांनी मिळून झाकलेला तुकडा यात निसटतो, पण पुढच्या विभागणीत जातो.

आता फक्त जिवंत तुकड्यांतून बिंदू निवडा आणि काल वाढवताना भागाकार पेटीच्या नव्हे, जिवंत तुकड्यांच्या एकूण क्षेत्रफळाने करा. यादीत जितके तुकडे तितके प्रयत्न सलग वाया गेले की प्रत्येकाचे चार करा आणि मेलेले पुन्हा गाळा. घाईने विभागलं तर मेमरी फुगते. यादी रिकामी झाली की संपृक्तता सिद्धच झाली, अंदाज उरला नाही.

कोणी सी मध्ये लिहीत असेल तर विंडोजवरचं यादृच्छिक आकडे देणारं जुनं फंक्शन, रँड, वापरू नका. तो ० ते ३२७६७ एवढेच आकडे देतो; १०० च्या पेटीत म्हणजे ०.००३ ची जाळी. त्याहून बारीक भोकावर नेम लागेलच असं नाही आणि आलेख मध्येच सपाट होतो. समांतर प्रक्रियांना तेच बीज (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारी संख्या) दिलं तर वीस वेळा एकच उत्तर मिळतं. पायथनच्या नमपाय लायब्ररीतल्या सीडसीक्वेन्समधून वेगळी बीजं काढा. आणि पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा दर काही लाख प्रयत्नांनी केंद्रांबरोबर यादृच्छिक जनित्राची स्थितीही साठवा.

ताळगाव_पठार

देव बरें करूं! २५ खाने केले, आलेख सरळ आला. पण सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष आच्छादन ०.३८ च आहे. आणि मांडवीत बुडवलेल्या पट्ट्यांवरच्या बार्नॅकलना (खडकांना, होड्यांना चिकटून वाढणारे कवचधारी जीव) हेच मॉडेल लावता येईल का?

डिचोलीचा_गणिती

मिठाचं प्रमाण किती आहे? १ मिलिमोलर मिठाच्या पाण्यात डिबाय लांबी, म्हणजे प्रभाराचा परिणाम साधारण जिथवर जाणवतो ते अंतर, ९.६ नॅनोमीटर असते. तुमचे गोळे सारख्याच प्रभाराचे आहेत, त्यामुळे ते एकमेकांना स्पर्शाआधीच थांबवतात. प्रभावी त्रिज्या ५० ऐवजी ६० धरली तर ०.५४७ ÷ १.२² = ०.३८. मीठ वाढवा, आच्छादन वाढलं पाहिजे; पण फार वाढवलं तर गोळे द्रवातच गुठळ्या करतील. काच ओली असतानाच चित्र घ्या. सुकताना पाण्याचा पृष्ठताण गोळ्यांना ओढून एकत्र आणतो आणि मूळ मांडणी जाते. काही मायक्रॉनचे जड गोळे घेतले तर ते बसलेल्यावरून घरंगळून शेजारी उतरतात. ते वेगळं मॉडेल, त्याची मर्यादा ०.६१ च्या आसपास.

बार्नॅकलना हे जसंच्या तसं लावू नका. त्यांच्या अळ्या आपल्याच जातीच्या शेजारी बसणं पसंत करतात आणि बसल्यावर वाढतात. नुसतं आच्छादन जुळलं म्हणून मॉडेल बरोबर ठरत नाही. जोडी-सहसंबंध फलन (एका केंद्रापासून दिलेल्या अंतरावर सरासरीच्या किती पट केंद्रं सापडतात ते) काढा: आरएसएच्या संपृक्त मांडणीत ते स्पर्शाच्या अंतराजवळ लॉगच्या चालीने चढतं आणि दोन-तीन व्यासांतच १ वर येतं. बार्नॅकलमध्ये त्याहून लांबपर्यंत १ च्या वर राहिलं, तर तो कळप. फोटोला आवर्ती सीमा नसते, म्हणून कडेपासून मोजायच्या कमाल अंतराइतकी पट्टी सोडून आतलीच केंद्रं मुख्य धरा. पट्टीतली फक्त शेजारी म्हणून मोजा.